'हार्ड लक' कोणाला आणि केव्हा म्हणायचे? नागपुरातील एका कबड्डी सामन्यानंतरचा इंग्रजीचा वर्ग

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरातील मराठी माध्यमाची एक अनुदानित शाळा. नववीच्या तुकडीत ४४ मुले-मुली. इंग्रजीच्या आठवड्याला ६ तासिका, प्रत्येक ३५ मिनिटांची. वाचून अर्थ लावणे बहुतेकांना जमते, चार ओळी लिहिणे निम्म्यांना. बोलणे मात्र फळ्यावरच्या प्रश्नाला फळ्यावरचेच उत्तर देण्यापुरते. कबड्डीत ही शाळा तयारीची. मैदान मातीचे, रेषा फक्कीने आखलेल्या, प्रेक्षकांना अडवणारी दोरी किंवा कठडा नाही.

सतरा वर्षांखालील गटाच्या तयारीसाठी जवळच्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेशी सराव सामना ठरला, तो नेमका पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी. ही तारीख पुढे फार महागात पडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी आणि काळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार अशा एकेका पीडेचे नाव घेऊन 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडायची इथली रीत शंभराहून अधिक वर्षांची आहे. मुलांच्या घशात ती आरोळी अजून ताजी होती.

सामन्यात काय झाले

पाहुण्या संघाचा पाच नंबरचा चढाईपटू अंगाने भरलेला आणि खेळात तरबेज होता. मध्यंतराआधीच यजमानांचे सगळे गडी बाद होऊन त्यांच्यावर लोण चढला. पाहुण्यांबरोबर आलेली तीसेक मुले इंग्रजीतून ओरडू लागली. 'लूझर्स', 'गो होम' एवढे यजमान मुलांना कळले. बाकीचे शब्द कळले नाहीत, पण त्यानंतरचे हसणे कळले.

उत्तर मराठीतून आले. आधी 'पाच नंबरले घेऊन जाय गे मारबत', मग त्या मुलाच्या शरीरावरून शेरे, मग पाण्याचे पाऊच. एक पाऊच थेट मैदानात पडला. तोवर गर्दी सरकत सरकत लॉबीच्या रेषेवर आली होती. लॉबी म्हणजे मैदानाच्या कडेची पट्टी जेमतेम १ मीटर रुंद असते आणि झटापट सुरू झाली की तीही मैदानाचाच भाग होते. म्हणजे प्रेक्षक प्रत्यक्षात खेळाच्या जागेत उभे होते.

यापुढे जे घडले, त्याकडे शिस्तीच्या चर्चेत सहसा दुर्लक्ष होते. चढाईपटूचा 'कबड्डी, कबड्डी' हा दम पंचांना स्पष्ट ऐकू यावा लागतो. तो ऐकू आला नाही तर चढाई थांबवून विरोधी संघाला गुण देता येतो. त्या गोंगाटात पाच नंबरचा दम पंचांपर्यंत पोहोचला नाही आणि पंचांनी यजमानांना गुण दिला. पाहुण्यांनी हरकत घेतली, पंचांनी निर्णय बदलला नाही, पाहुण्या शिक्षकांनी संघ बाहेर बोलावला आणि सामना तिथेच संपला. प्रेक्षकांच्या वागण्याने खेळाडूचे मन दुखावले होतेच, पण सामन्याचा गुणफलकही चुकला होता.

प्रश्न नेमका कोणता

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत प्रश्न 'बेशिस्त' असा मांडला गेला. इंग्रजीच्या मॅडमनी वर्गात दहा मिनिटे मुलांना बोलू दिले, तेव्हा दुसरी बाजू पुढे आली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते काय बोलून राहिले होते तेच समजलं नाही. आमाले पण इंग्लिशमध्ये सुनावता आलं पाहिजे." दुसऱ्याने सरळ मागणी केली, "शिव्याच शिकवा ना मॅडम."

ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. या मुलांना हरण्याचे तितके वाईट वाटले नव्हते. आपल्याला येत नसलेल्या भाषेत कोणी आपल्यावर हसले, याचे वाईट वाटले होते. पाऊच फेकणे चूकच, पण ते कुठून आले हे न पाहता केलेला कोणताही उपाय पुढच्या सामन्यापर्यंत टिकला नसता.

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय प्रेक्षकांना बंदीचा. तो सोपा आणि लगेच करता येण्यासारखा होता. पण ओरडणारी मुले कुंपणाबाहेर जाऊन ओरडली असती. दुसरा पर्याय परिपाठात खिलाडूवृत्तीवर भाषण. त्यात मुले मान खाली घालून उभी राहतात आणि रांग सुटली की विसरतात. तिसरा पर्याय फळ्यावर माफीपत्र लिहून देण्याचा, ते ४४ जणांनी उतरवायचे. क्रीडाशिक्षकांचा कल याकडे होता, कारण समोरच्या शाळेला काहीतरी लेखी हवे होते.

चौथा पर्याय मॅडमनी मांडला. इंग्रजीच्या ६ तासिका याच विषयाला द्यायच्या आणि त्यानंतर परतीचा सामना मागायचा. 'पोर्शन कसा होणार' हा रास्त आक्षेप आला. त्यावर त्यांनी पत्रलेखन, बातमी आणि मत-प्रतिमत हे नाहीतरी शिकवायचे लेखनप्रकार याच विषयावर बसवून दाखवले. मुख्याध्यापक तयार झाले, पण परतीचा सामना बिघडला तर वर्षभर प्रेक्षक बंद, या अटीवर.

पहिला निर्णय: अपमानाचे शब्द शिकवायचे की नाही

न शिकवावेत तर मुले ते मोबाइलवरून शिकतात आणि अर्थाची धार न कळता वापरतात. शिकवावेत तर वर्गाने त्यांना मान्यता दिल्यासारखे होते. मॅडमनी कार्डशीटचे दोन रंग केले. लाल कार्डावरचे शब्द ऐकल्यावर कळायला हवेत, पण ते बोलायचे नाहीत. हिरव्या कार्डावरचे बोलता यायला हवेत. लालमध्ये बू, जीअर, टॉन्ट, लूझर, चीटर. हिरव्यामध्ये वेल प्लेड, गुड रेड, नाइस टॅकल, कम ऑन, गुड गेम आणि हार्ड लक. भाषा शिकताना समजण्याचे शब्द आणि वापरायचे शब्द वेगळे असतातच. इथे तो फरक रंगाने डोळ्यांपुढे ठेवला गेला आणि शिव्या मागणाऱ्या मुलांना निम्मे तरी मिळाले. पुढच्या वेळी कोणी काही म्हटले तर त्यांना ते कळणार होते.

तासिका १ ते ३

सुरुवात मराठीपासून झाली आणि ते फार योग्य झाले. हुर्यो उडवणे, टोमणा मारणे, डिवचणे, रडीचा डाव, चिडका बिब्बा, दिलदार, उमदा हे शब्द मुलांनी स्वतःच फळ्यावर आणले. मग जोड्या लावल्या. हुर्यो उडवणे म्हणजे बू, टोमणा म्हणजे टॉन्ट. 'रडीचा डाव' मात्र अडला. 'सोअर लूझर' म्हणजे हार न पचणारा माणूस. पण बाद होऊनही 'झालोच नाही' म्हणत खेळ अडवून धरणारा 'रडीचा डाव' इंग्रजीत एका शब्दात येईना. आपल्या भाषेत एखादी गोष्ट जास्त नेमकी सांगता येते, हे नववीच्या मुलांना इंग्रजीच्या तासात दिसावे, याला या प्रकरणात विशेष किंमत होती.

उलटही घडले. मराठीतला 'प्रेक्षक' नाटकालाही चालतो आणि सामन्यालाही. इंग्रजीत नाटक, गाणे, भाषण यांना ऑडियन्स आणि सामन्याला स्पेक्टेटर्स. त्यातही कोणा एकाची बाजू घेणारा तो सपोर्टर. म्हणजे प्रत्येक स्पेक्टेटर सपोर्टर नसतो, आणि सपोर्टरनेही थोडा वेळ नुसता स्पेक्टेटर होऊन समोरच्याचा खेळ पाहायला हरकत नाही. भाषणाने जे साधले नसते ते या दोन शब्दांतल्या फरकाने साधले.

दुसरी तासिका चुकांची. मराठीतून विचार करून इंग्रजी बोलताना या विषयात ठरावीक ठिकाणी पाय घसरतो:

- 'त्यांच्याकडून हरलो' वरून 'लॉस्ट फ्रॉम देम' येते. इंग्रजीत 'लॉस्ट टू देम', आणि 'पाच गुणांनी' साठी 'बाय फाइव्ह पॉइंट्स'.
- 'वुई वन देम' चालत नाही. विन सामना किंवा चषक होतो, संघाला बीट करतात.
- 'संघाला पाठिंबा' वरून 'सपोर्ट टू अवर टीम'. क्रियापद म्हणून वापरताना मधला 'टू' नको.
- 'स्पोर्टिव्हली' आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्या जागी 'स्पोर्टिंगली' किंवा 'इन गुड स्पिरिट'.
- हरणे म्हणजे 'लूझ', त्यातला झ 'माझा'तल्या झसारखा. सैल म्हणजे 'लूस', शेवटी स. लिहिताना एका ओने अर्थ बदलतो.

तिसऱ्या तासिकेसाठी मॅडमनी सोप्या इंग्रजीत दोन उतारे लिहिले, दोन्ही १९९९ सालचे. जानेवारी १९९९, चेन्नई. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचे लक्ष्य, सचिन तेंडुलकर पाठदुखी सोसत १३६ वर बाद झाला तेव्हा फक्त १७ धावा हव्या होत्या. भारत १२ धावांनी हरला आणि प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, फेब्रुवारीत, कोलकात्याचा ईडन गार्डन्स. समोर तोच संघ. शोएब अख्तरशी धडक होऊन सचिन धावबाद झाला, प्रेक्षक खवळले, आणि शेवटच्या दिवशी गॅलऱ्या रिकाम्या करून सामना संपवावा लागला. एकाच देशाच्या, एकाच प्रतिस्पर्ध्यासमोरच्या दोन गर्दी. दोन्ही उताऱ्यांत कोणाचाही उपदेश नव्हता, फक्त क्रियापदे होती: क्लॅप्ड, स्टूड अप, थ्र्यू, रिफ्यूज्ड, वॉज क्लिअर्ड.

तोंडी कामासाठी दोन छोटे प्रसंग घेतले. २०१९च्या विश्वचषकात ओव्हलवर भारतीय प्रेक्षक स्टीव्ह स्मिथला बू करत होते, तेव्हा विराट कोहलीने त्यांना हाताने खुणावून टाळ्या वाजवायला सांगितले. दुसरा प्रसंग नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावरचा, २००८चा: सौरव गांगुलीच्या शेवटच्या कसोटीत विजय समोर दिसत असताना धोनीने काही षटकांसाठी नेतृत्व त्याच्याकडे दिले. जामठ्याचे नाव येताच वर्ग जागा झाला. दूरच्या दहा उदाहरणांपेक्षा वर्धा रोडवरचे एक उदाहरण मुलांना जास्त बोलते करते.

कुठे बिनसले

तिसऱ्या तासिकेनंतर दोन तुकड्यांमध्ये खो-खोचा सामना झाला. गडी बाद झाला की दुसऱ्या तुकडीची मुले त्याच्या तोंडासमोर जाऊन, शेवटचा स्वर लांबवत ओरडू लागली, "हार्ड लऽऽऽक!" बाद झालेली मुलगी रडकुंडीला आली. हिरव्या कार्डावरचा शब्द तीन दिवसांत लाल झाला होता.

दोष मुलांचा नव्हता. त्यांना शब्द दिला गेला होता. तो केव्हा, किती लांबून, कोणत्या सुरात आणि कोणी म्हणायचा हे दिले गेले नव्हते. खिलाडूवृत्तीचे इंग्रजी शिकवणारे बहुतेक तक्ते इथेच थांबतात. 'हार्ड लक' मुळात सांत्वन आहे: तू चांगले केलेस, नशीब आडवे आले. जिंकणाऱ्याच्या समर्थकाने हरणाऱ्याला म्हटले तर ते उपकारासारखे लागते, आणि सूर चढला तर सरळ टोमणा होतो. 'वेल प्लेड' मात्र समोरच्याच्या कौशल्याबद्दल असते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सुरक्षित.

दुसरा निर्णय त्यातून झाला. 'हार्ड लक' फक्त आपल्या खेळाडूसाठी राखले. समोरच्या संघासाठी 'गुड रेड', 'नाइस टॅकल', 'वेल प्लेड' एवढेच.

तासिका ४: मैदानावर

ही तासिका क्रीडाशिक्षकांबरोबर मैदानात झाली. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची आणि एक संपली की ५ सेकंदांत दुसरी सुरू व्हावी लागते. म्हणजे कौतुकाला मिळतात ते ५ सेकंदच. 'यू प्लेड व्हेरी वेल टुडे' त्यात बसत नाही, 'गुड रेड, फाइव्ह!' बसते. ठरले असे:

- चढाई चालू असताना आवाज खाली, कारण दम पंचांना ऐकू जायला हवा.
- शब्द शिट्टीनंतर, रेषेमागून. खेळाडूच्या तोंडासमोर जायचे नाही.
- शेवटी खेळाडूचा नंबर जोडायचा. नंबर जोडला की शब्द त्या कृतीबद्दल आहे हे कळते.
- सूर शेवटी उतरता. शेवटचा स्वर लांबला की थट्टा झाली.

सूर हा भाग सर्वांत अवघड गेला. मॅडमनी एकच शब्द दोन सुरांत म्हणून मुलांकडून लाल-हिरवे कार्ड वर करवून घेतले. दहा-बारा वेळा केल्यावर बहुतेकांना ऐकून फरक कळू लागला; स्वतः म्हणताना मात्र अनेकांचा सूर शेवटपर्यंत वर जात राहिला.

तिसरा निर्णय: मारबतीच्या आरोळीचे काय

क्रीडाशिक्षकांना ती सरसकट बंद हवी होती. मॅडमचे म्हणणे वेगळे होते. आरोळी इथल्या मातीतली आहे, तिच्यात जोर आणि ठेका आहे. चूक एवढीच की पीडेच्या जागी माणूस ठेवला गेला. रस्त्यावर लोक रोगराईला घालवतात, शेजाऱ्याला नाही. म्हणून नियम ठरला की आरोळी आपल्याच संघाच्या चुकीवर. मुलांनी केले, 'घाई घेऊन जाय गे मारबत', 'आळस घेऊन जाय गे मारबत'. काहींना ते मिळमिळीत वाटले आणि त्यांनी ते तसे सांगितलेही. पण घाई ही त्यांच्या चढाईपटूंची खरी खोड होती, त्यामुळे आरोळीला अर्थ राहिला.

पत्र

शेवटच्या तासिकेत पत्र. आदल्या दिवशीचा कच्चा मसुदा पाहताना अर्ध्या वह्यांत 'सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स' सापडले. खोदलेल्या रस्त्यांवरच्या पाट्यांनी शिकवलेले इंग्रजी ते. मॅडमनी ते खोडायला लावले आणि तीनच प्रश्न दिले: आम्ही काय केले, कोणाला लागले, पुढच्या वेळी काय करू. ज्या पाच वाक्यांच्या पत्रात 'वुई शाउटेड अबाउट युअर प्लेअर्स बॉडी. दॅट वॉज राँग.' असे सरळ लिहिले होते ते आणि आणखी चार पत्रे समोरच्या शाळेला गेली. व्याकरणाच्या चुका मुद्दाम तशाच ठेवल्या. याबद्दल शिक्षकांच्या खोलीत मतभेद झाला, पण चकचकीत केलेले पत्र कोणा मोठ्याने लिहिले असे वाटले असते, हे मॅडमचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

परतीचा सामना

दसऱ्याआधीच्या शनिवारी इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या मैदानावर सामना झाला. लॉबीबाहेर ३ मीटरवर फक्कीची दुसरी रेषा आखली, तिच्यामागे प्रेक्षक. दर दहा मुलांमागे एक जबाबदार मुलगा किंवा मुलगी. पाऊच आत नेऊ दिले नाहीत. पाण्याची कॅन कोपऱ्यात ठेवली.

पाच नंबर याही वेळी खेळला. पहिल्यांदा 'गुड रेड, फाइव्ह!' ऐकल्यावर त्याने चमकून मागे पाहिले, टोमणा आहे की काय याचा अंदाज घेत. तिसऱ्या वेळी त्याने हात वर केला. इंग्रजी माध्यमाच्या बाजूने मात्र दोन-तीन मुले 'नाइस इंग्लिश!' असे शेवट लांबवून म्हणाली. आता ते आपल्या मुलांना कळले. एकाने मराठीत शिवी हासडली. जबाबदार मुलीने त्याला हाताला धरून मागे नेले आणि पाणी दिले. त्याचा राग खोटा नव्हता, म्हणून त्याला नंतर शिक्षा झाली नाही. तो निर्णय योग्य होता.

मराठी माध्यमाचा संघ ४ गुणांनी हरला. सामना पूर्ण झाला, दोन्ही संघांनी हात मिळवले. दम ऐकू न आल्याची तक्रार झाली नाही. गडबड आली ती न योजलेल्या जागेवरून. कुंपणाच्या भिंतीवर मराठी शाळेचे माजी विद्यार्थी बसले होते. त्यांच्यापैकी एकाने शिट्टी वाजवली, आपल्या चढाईपटूला ती पंचांची वाटली, तो मध्येच थांबला आणि पकडला गेला. एक गुण असाच गेला.

वेगळे काय करता आले असते

माजी विद्यार्थ्यांचा विचारच झाला नव्हता, आणि पहिल्या सामन्यातही सर्वांत वाईट शेरे भिंतीवरूनच आले होते, हे नंतर मुलांनी सांगितले. पहिल्या चौकशीत 'कोण ओरडले' असे विचारले गेले, 'कुठून ओरडले' असे विचारले असते तर हे तेव्हाच कळले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर. सारी दुरुस्ती एकाच बाजूने झाली. इंग्रजीवरून हसणाऱ्या मुलांच्या शाळेशी त्याबद्दल बोलणेच झाले नाही, कारण पाऊच आपण फेकले होते आणि मागणी करायला तोंड नव्हते. ही अडचण खरी आहे, तरी पत्रांच्या सोबत एक ओळ जाऊ शकली असती: आमच्या मुलांना काय ऐकावे लागले तेही आपल्या मुलांना विचारावे. 'नाइस इंग्लिश' टळले असते असे नाही, पण तिथल्या शिक्षकांचे कान तरी तिकडे असते.

क्रीडाशिक्षक चौथ्या तासिकेला आले, ते पहिल्याला यायला हवे होते. 'हार्ड लक'ची फजिती त्यांनी आधीच ओळखली असती, कारण मैदानावर कोणता शब्द कसा लागतो हे ते रोज ऐकतात. शब्दांआधी सूर शिकवायला हवा होता. आणि बोलण्याच्या कामात मुली मागे राहिल्या. गर्दीत ओरडणे मुलांचे काम, असे धरूनच जोड्या पडल्या होत्या. परतीच्या सामन्यात सर्वांत शांत डोके एका मुलीचे होते, हे लक्षात घेता ती चूक जास्तच बोचते.

पुढच्या सामन्यासाठी ठरलेले काम असे: भिंतीवरच्या माजी विद्यार्थ्यांपैकी चौघांना गुणलेखन आणि रेषेची राखण द्यायची, प्रेक्षकांची शिट्टी आणि पिपाणी दारातच जमा करायची, आणि पोळ्याच्या आठवड्यात सामना ठेवायचा नाही.